खाडीकाठचे गाव आणि इस्लामचे भविष्य : हमीद दलवाईंचे पुनर्वाचन

इस्लामचे भविष्य काय, हा प्रश्न मराठीत बहुधा शेजारच्या घराविषयी विचारावा तशा सुरात विचारला जातो. विचारणारा आपल्या ओटीवर बसलेला असतो आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो त्या बैठकीत नसतो. मग बोलणे कैरो, तेहरान, काबूल अशा लांबच्या शहरांवर जाते. गेली दोन-तीन वर्षे मी या विषयावरचे मराठी लेखन जरा नेटाने वाचतो आहे. त्यात माहिती पुष्कळ आहे, काही ठिकाणी कळकळही आहे. पण एक गोष्ट सारखी खटकत राहिली. हा प्रश्न ज्यांनी स्वतःच्या घरात उभे राहून मराठीत विचारला, त्या हमीद दलवाईंचे नाव बहुतेक लेखांत येते. त्यांच्या वैचारिक पुस्तकांचे दाखले येतात. त्यांची कादंबरी मात्र जवळजवळ कुठेच येत नाही.

'इंधन' १९६५ साली आली. दलवाईंची ही एकमेव कादंबरी. तिच्या आधी १९६१ मध्ये 'लाट' हा कथासंग्रह आलेला होता. त्यानंतर दलवाई चळवळीत पडले आणि ललित लेखक दलवाई हळूहळू मागे सरले. समीक्षेनेही ते मान्य करून टाकले. एका चांगल्या कथाकाराचा सुधारक झाला, एवढ्यावर प्रकरण मिटले. मला ते मिटलेले वाटत नाही. इस्लामच्या भविष्याविषयी दलवाईंच्या निबंधांना जे ठाऊक नव्हते, ते त्यांच्या कादंबरीला ठाऊक होते, असे माझे मत होत गेले आहे. गेल्या पन्नास वर्षांत प्रत्यक्ष जे घडले, ते कादंबरीच्या अंगाने पाहिले तर अधिक नीट दिसते. या लेखात तेच तपासून पाहायचे आहे.

आधी भविष्यकथनाचे थोडे. विल्फ्रिड स्कॉवेन ब्लंट या इंग्रज गृहस्थाने १८८२ साली 'द फ्यूचर ऑफ इस्लाम' नावाचे पुस्तकच लिहिले. तुर्कांकडची खिलाफत जाणार, ती अरबांकडे परतणार आणि इंग्लंडने तिचा पाठीराखा व्हावे, असा त्याचा साधारण हिशेब होता. तुर्कांची खिलाफत गेली हे खरे. पण ३ मार्च १९२४ रोजी ती रद्द केली ती तुर्कांच्याच राष्ट्रीय सभेने, आणि अरबांच्या हाती ती काही पडली नाही. ब्लंट अभ्यासू होता, अरबांविषयी त्याला खरी आस्थाही होती. तरी त्याचा अंदाज चुकला, कारण तो खलिफा, सुलतान आणि साम्राज्ये यांच्याकडे पाहत होता. अलीकडचे भविष्यकथन आकड्यांतून होते. प्यू संशोधन केंद्राच्या २०१५ च्या अहवालाप्रमाणे २०१० मध्ये जगात सुमारे १६० कोटी मुसलमान होते. २०५० मध्ये ते सुमारे २७६ कोटी होतील आणि इंडोनेशियाला मागे टाकून भारत हा सर्वांत जास्त मुस्लिम लोकसंख्येचा देश ठरेल. हा आकडा आपल्याकडे भीती घालायलाही वापरतात आणि अभिमान मिरवायलाही. ती माणसे कोणत्या भाषेत शिकतील, कुठे नोकरीला जातील, मुलींची लग्ने आणि घटस्फोट कोणत्या नियमाने होतील, यातले काहीही त्यातून कळत नाही. आणि भविष्य म्हणून आपल्याला हवे असते ते नेमके हेच.

म्हणून गावाकडे येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११ ते १२ टक्के मुसलमान आहेत. देशाच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण कमीच. पण इथला मुसलमान उत्तरेतल्या मुसलमानासारखा नाही. तो बहुतांशी शाफई पंथाचा आहे. दिल्ली-लखनौचा मुसलमान प्रामुख्याने हनफी. कोकण, केरळचा किनारा आणि पुढे थेट इंडोनेशिया-मलेशिया हा सगळा शाफई पट्टा. इथे इस्लाम मुख्यतः गलबतांतून, अरबी व्यापाऱ्यांबरोबर आला. दाभोळसारख्या बंदरांतून रुजला. दाभोळला आदिलशाही काळातली दगडी मशीद आजही खाडीकडे तोंड करून उभी आहे. घरातली बोली कोकणी-मराठी वळणाची. आडनावे पारकर, मुकादम, खोत, चौगुले, दलवाई. मागच्या पिढीपर्यंत बायका साडी नेसत. रत्नागिरीजवळ हातीसला पीर बाबरशेख यांचा उरूस भरतो, त्यात पुढाकार हिंदू गावकऱ्यांचा असतो. हे सगळे सांगताना 'पाहा, किती गोडीगुलाबीने राहतात' असा सूर लावण्याचा मोह होतो. आमच्याकडच्या पर्यटन-पुस्तिका तो लावतातच. 'इंधन' वाचलेल्या माणसाला तो लावता येत नाही.

दलवाईंचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीचा. राष्ट्र सेवा दलाचे संस्कार, मग मुंबई, पत्रकारिता, समाजवाद्यांची ऊठबस. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा घेऊन ते मुंबईत विधिमंडळावर गेले. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना एकच नागरी कायदा लावा, अशा मागण्या होत्या. १९६८ मध्ये अ. भि. शहांच्या बरोबरीने इंडियन सेक्युलर सोसायटी, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ. ३ मे १९७७ रोजी, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, मूत्रपिंडाच्या विकाराने ते गेले. कोणतेही धार्मिक विधी करू नयेत या त्यांच्या इच्छेप्रमाणे मुंबईत विद्युतदाहिनीत दहन झाले. मोर्चापासून मृत्यूपर्यंत अकरा वर्षे. एवढ्या थोड्या काळात एवढे काम, आणि तेही सतत आजाराशी झगडत, हे पाहिले की टीका करताना हात आखडतो. पण दलवाईंना हात आखडलेला आवडला नसता.

त्यांच्या निबंधांतला मुख्य विचार थोडक्यात असा. भारतीय मुसलमानांचा प्रश्न मुळात आर्थिक किंवा राजकीय नाही, तो मनोवृत्तीचा आहे. धर्मग्रंथ आणि परंपरा यांची कठोर चिकित्सा करण्याची सवय या समाजात रुजली नाही. हिंदूंत राममोहन, फुले, आगरकर झाले, तसे इथे झाले नाही. जे 'राष्ट्रीय मुसलमान' म्हणवत त्यांनीही राष्ट्राला विरोध केला नाही एवढेच. धर्माला प्रश्न विचारले नाहीत. म्हणून एक लहानसा का होईना, पण निर्भय आणि आधुनिक असा वर्ग उभा राहिला पाहिजे आणि त्याने आतून टीका केली पाहिजे. १९६८ च्या 'मुस्लिम जातीयतेचे स्वरूप : कारणे व उपाय' या पुस्तकात आणि त्याच सुमाराच्या इंग्रजी लेखांत हा विचार येतो. भाषा स्वच्छ, रोखठोक. उर्दू शायरीची फोडणी नाही, कुठे पाल्हाळ नाही.

या मांडणीचे एक उपांग आहे, जे दलवाईंची वाक्ये तोंडपाठ असणारेही गाळतात. मुसलमानांतली सुधारणा हिंदू समाज आधुनिक राहण्यावर अवलंबून आहे, असे ते बजावून सांगत. हिंदू समाज पुनरुज्जीवनाच्या वाटेने गेला, तर मुसलमानांतल्या सुधारकाला उभे राहायला जमीनच उरणार नाही, हा त्यांचा इशारा होता. आज दलवाई मुसलमानांना झोडपण्याची काठी म्हणून वापरले जातात तेव्हा हे पान फाडलेले असते. उलट बाजूला पुरोगाम्यांनी त्यांची तसबीर केली आहे. जयंती-पुण्यतिथीला हार घालायचा, 'उपेक्षित सुधारक' म्हणायचे आणि त्यांच्या मूळ युक्तिवादाशी भांडण करायचे टाळायचे. दोन्ही पक्षांना दलवाई वाचण्याची फारशी गरज पडत नाही.

मला त्यांच्या मांडणीत दोन अडचणी दिसतात. एक, 'मुस्लिम मन' नावाची काही एकसंध वस्तू आहे असे धरूनच ते चालतात. अलीगढचा जमीनदार, मालेगावचा विणकर आणि मिरजोळीचा खोत यांचे मन एकच? मिरजोळीच्या माणसाला हे पटावे याचे नवल वाटते. दुसरी अडचण वाचकाची. हे लेख मराठी नियतकालिकांत येत होते आणि ते वाचणारे बहुसंख्य हिंदू होते. मुसलमानाविषयी हिंदूला सांगितलेले सत्य, कितीही प्रामाणिक असले तरी, ऐकणाऱ्याच्या कानात पडताना थोडे बदलते. दलवाईंना हे कळत नव्हते असे नाही. पण त्यावर उपाय त्यांना सापडला नाही.

आता 'इंधन'. निवेदकाला नाव नाही. तो मुसलमान आहे, गावाबाहेर सामाजिक काम करत आला आहे, धर्मावरची श्रद्धा उडालेली आहे. हृदयविकाराच्या आजारातून उठून तो पंधरा वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी विश्रांतीला येतो. गावात मुसलमान आहेत, कुळवाडी आहेत, ब्राह्मण आहेत, गावकुसाबाहेरचे आहेत. घरातल्या माणसांत जुने हिशेब तुंबलेले आहेत, गावात त्याहून जुने. तो येतो, पाहतो, ऐकतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत गाव पेटत जाते. कथानकाचा सांगाडा एवढाच.

या कादंबरीत धर्मग्रंथाची चर्चा कळीची नाही. पेटते ते कशाने? जमिनीने, मानपानाने, बाईवरच्या नजरेने, बापलेकांच्या आणि भावाभावांच्या अबोल्याने, जुन्या उपकारांच्या ओझ्याने. शीर्षकाचा अर्थ तोच आहे. लाकूडफाटा आधीपासून रचलेला असतो; हिंदू-मुसलमान ही नावे ठिणगी पडल्यावर त्याला मिळतात. एकदा मिळाली की मग दुसरी कोणतीही नावे चालत नाहीत, हेही कादंबरी दाखवते. भांडण कुळाचे आणि खोताचे असते तोवर त्यात तडजोड होऊ शकते. ते दोन धर्मांचे झाले की माघारीची वाट बंद होते.

हे समजायला कोकणातल्या खोतीचा इतिहास हाताशी लागतो. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा मालक. रत्नागिरी जिल्ह्यात खोत ब्राह्मण होते, मराठे होते आणि मुसलमानही होते. कुळे बहुतेक कुणबी आणि महार. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले ते याच जिल्ह्यातल्या कुळांचे हाल पाहून. खोती निर्मूलनाचा कायदा झाला १९४९ मध्ये, कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. म्हणजे 'इंधन' लिहिले जात होते तेव्हा ही उलथापालथ ताजी होती. काल ज्याच्या अंगणात धान्याचे माप घालायला यायचा, त्या कुळवाड्याच्या नावावर आज सातबारा होता. ज्या मुसलमान घराण्यांची सत्ता जमिनीवर उभी होती त्यांना हे धर्मावरचे संकट वाटले, आणि ज्या कुळवाड्यांना मुक्ती मिळाली त्यांना समोरचा खोत मुसलमान म्हणून अधिक डोळ्यात भरला. ब्राह्मण खोताची जमीनही गेली. पण त्या भांडणाला धर्माचे नाव देता येत नव्हते. शिमग्याच्या पालखीचा मान कोणाचा, ती कोणत्या दारात थांबणार, हे आमच्याकडचे दरसालचे वाद. वरवर देवाचे दिसतात. आत जाऊन पाहिले तर निम्म्या वेळा जमिनीचे निघतात.

निबंधकार दलवाई म्हणत होते की प्रश्न मूलतः आर्थिक नाही. कादंबरीकार दलवाईंनी जे गाव उभे केले आहे त्यात जमीन बाजूला काढली तर काही शिल्लकच राहत नाही. हा विरोध दलवाईंच्या अभ्यासकांनी अजून नीट हाताळलेला नाही, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट निवेदकाची. हा सुधारक आहे, पण आजारी सुधारक. त्याने मनाला त्रास करून घ्यायचा नाही. तो सगळे समजतो आणि काहीच करू शकत नाही. त्याच्या विवेकाचा गावाला उपयोग नाही, त्याच्या घरालाही नाही. गावाच्या दृष्टीने तो पाहुणा आहे. हे हृदयविकाराचे दुखणे कथानकाच्या सोयीसाठी घेतलेले नाही. बुद्धिवादी माणूस स्वतःच्या समाजापासून किती तुटलेला असतो याचे इतके निर्दय चित्र मराठीत दुसरे क्वचितच असेल, आणि ते काढणारा लेखक वर्षभराने स्वतःच मोर्चा घेऊन निघतो. पुढे अकरा वर्षांत दलवाईंच्या वाट्याला जे आले, ते १९६५ मध्ये त्यांनी लिहून ठेवले होते असेच म्हणावे लागेल. २०१३ च्या जानेवारीत चिपळूणला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ग्रंथदिंडी दलवाईंच्या मिरजोळीच्या घरापासून काढण्याचा विचार पुढे आला, आणि तो वादात सापडला. मरणानंतर छत्तीस वर्षांनीही गावात तो पाहुणाच होता.

कादंबरीची उणीवही सांगायला हवी. तिच्यात बायका आहेत, त्यांच्यावरून पुरुषांत रण माजते, त्यांचे दुःख निवेदकाला दिसते. पण दिसते ते त्याच्याच नजरेला. त्यांना स्वतःला काय हवे आहे हे त्या पानांत फारसे ऐकू येत नाही. पुढच्या वर्षीच्या मोर्चात स्त्रिया पुढे आल्या खऱ्या. मागण्यांचा मसुदा मात्र दलवाईंच्या विचारातला होता. या मुद्द्याकडे लेखाच्या शेवटी परत यावे लागेल, कारण इस्लामचे भविष्य पुढे जिथे ठरले ते ठिकाण नेमके हेच निघाले.

मध्ये भाषेचा प्रश्न आहे. दलवाईंनी मराठीत लिहिले आणि कोकणी मुसलमानाची भाषा मराठीच आहे असे आग्रहाने मानले. बोलीच्या बाबतीत ते खरेच होते. पण घरात कोकणी बोलणारी मुले आमच्या जिल्ह्यात मोठ्या संख्येने उर्दू शाळांत जात होती, अजूनही जातात. ज्यांना परवडते ती आता इंग्रजी शाळांत जातात. म्हणजे मिरजोळीच्या लेखकाचे पुस्तक शेजारच्या गावातल्या मुसलमान मुलाला त्याच्या बोलीत कळले असते, पण त्याला लिपी येत होती ती दुसरी. धर्म उर्दूत, व्यवहार मराठीत, नोकरी इंग्रजीत आणि आईशी बोलणे कोकणीत, अशी ही चार खणांची जगणी. यातल्या कोणत्या खणात चिकित्सा होणार? पुढे १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदी यू. म. पठाण होते. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांची एक फळी त्यानंतर दिसू लागली. त्यांच्यापैकी अनेकांनी दलवाईंपासून अंतर राखले. 'आमच्याविषयी' लिहिण्यापेक्षा 'आमचे' लिहायचे, असा त्यांचा पवित्रा होता. तो समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे 'इंधन'चा धागा पुढे कोणी उचलला नाही, हेही झाले.

आणि मग समुद्र. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि खाडीकाठच्या गावांतून कुवेत, सौदी, बहारीन, कतार, दुबईला माणसे जाऊ लागली. कोकणी मुसलमानाला परदेश नवा नव्हता. बोटींवरचे खलाशी तो पिढ्यान्पिढ्या देत आला होता. केपटाऊनला कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. पण आखाताचा पैसा वेगळा होता. दलवाई वारले तेव्हा त्याचा ओघ नुकता सुरू झाला होता, त्यामुळे त्यांच्या विचारात त्याला जागा नाही. त्या पैशाने काय केले? खोती गेल्यावर खचलेल्या घरांना पुन्हा माडी चढली. गावोगाव मशिदी मोठ्या झाल्या. पुरुष अरबस्तानातला इस्लाम पाहून आला आणि इथल्या उरुसाला, पिराला, साडीला नावे ठेवू लागला; साडीच्या जागी बुरखा आला. चाळीस वर्षांत डोळ्यांदेखत झालेला हा बदल आहे आणि तो सुखाचा आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याच पैशाने मुली शिकल्या. नवरा परदेशात, तेव्हा बँकेत, शाळेत, पंचायतीत जायचे ते बाईनेच. आमच्या कॉलेजांतून बुरखा घालून विज्ञान शाखेत बसणाऱ्या मुली दिसू लागल्या, तेव्हा आमच्यातल्या सुधारकांना काय म्हणावे ते कळेना. दलवाईंच्या आराखड्यात धर्म सैल होणे आणि आधुनिक होणे या एकाच रस्त्यावरच्या पायऱ्या होत्या. इथे एक मुलगी एकाच वेळी दोन दिशांना चालत होती.

तोंडी तलाकचे जे झाले ते याच मुलीच्या चालीने झाले. १९८५ च्या एप्रिलमध्ये शाहबानोचा निकाल, १९८६ मध्ये तो फिरवणारा कायदा, इथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि बरेच लेखक तिथेच थांबतात. त्यापुढची अधिक महत्त्वाची आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याचाच अर्थ असा लावला की इद्दतच्या मुदतीतच स्त्रीच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने केली पाहिजे. २००२ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठाने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात सांगितले की नुसते 'तलाक दिला' म्हणून भागणार नाही. कारण होते का, समेटाचा प्रयत्न झाला का, हे सिद्ध करावे लागेल. २००७ मध्ये मुंबईत भारतीय मुस्लिम महिला आंदोलन उभे राहिले. या बायकांचा युक्तिवाद दलवाईंचा नव्हता. एका दमात तीनदा तलाक कुराणात नाही, तो पुरुषांनी घुसवला, असे त्या म्हणत होत्या. दलवाई हे ऐकून कदाचित अस्वस्थ झाले असते. ग्रंथाचा आधार घेऊन सुधारणा मागितली की उद्या ग्रंथच आडवा येतो, असे ते म्हणाले असते, आणि ते चूक नव्हते.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा मताने तत्काळ तिहेरी तलाक रद्द झाला. त्या तिघांचे तर्क वेगवेगळे आहेत. न्या. नरिमन आणि न्या. लळीत यांनी ही प्रथा मनमानी म्हणून घटनेच्या समतेच्या कलमाने रद्द केली. न्या. कुरियन जोसेफ यांनी ती कुराणाशीच विसंगत म्हणून अमान्य केली. न्या. जोसेफ यांचे मत दुसऱ्या बाजूला गेले असते तर निकाल उलटा लागला असता. म्हणजे ज्या मागणीसाठी दलवाईंनी मोर्चा काढला ती मान्य झाली ती राज्यघटनेच्या दोन मतांनी आणि धर्मग्रंथाच्या एका मताने. निव्वळ बाहेरच्या तर्काने ते झाले नसते, निव्वळ आतल्या अर्थनिरूपणानेही नाही. पुढे २०१९ च्या कायद्याने तो तलाक उच्चारणे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देणार, हा प्रश्न याच चळवळीतल्या अनेक बायकांनी विचारला. सुधारणा करणारे राज्य कोणत्या मनाने सुधारणा करते आहे, याला महत्त्व असते. दलवाईंच्या त्या फाडून टाकलेल्या पानाची इथे आठवण होते.

बाहेर पाहिले तरी वाट अशीच वेडीवाकडी दिसते. ट्युनिशियाने १९५६ मध्येच बहुपत्नीत्व बंद केले, तेही बूर्गीबांच्या एका फटक्याने. मोरोक्कोने २००४ मध्ये कुटुंबकायदा बदलला तो राजाने उलेमांना बरोबर घेऊन. सुदानमध्ये कुराणाचा नवा अर्थ सांगणाऱ्या महमूद मोहंमद ताहांना १९८५ च्या जानेवारीत फाशी दिले गेले. कैरोत नस्र हमीद अबू झैद यांना १९९५ मध्ये न्यायालयाने धर्मभ्रष्ट ठरवून त्यांचा विवाहच रद्द केला. आणि इंडोनेशियात, आमच्याच शाफई परंपरेतल्या नहदतुल उलेमा या १९२६ साली स्थापन झालेल्या प्रचंड संघटनेने २०१९ मध्ये असा निर्णय दिला की देशातल्या बिगरमुस्लिम नागरिकांना 'काफिर' म्हणू नये. ते बरोबरीचे नागरिक आहेत. मला वाटते कोकणातल्या मुसलमानाने आणि त्याच्या हिंदू शेजाऱ्यानेही रियाधकडे पाहण्यात इतकी वर्षे घालवली, तशी थोडी जकार्ताकडे पाहायला हरकत नव्हती. समुद्रातून तो रस्ता जुनाच आहे. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही. कट्टरपणा तिथेही वाढतो आहे. पण मौलवींच्याच बैठकीत नागरिकत्वाचा विचार होऊ शकतो, हे 'मुस्लिम मन' या कल्पनेत बसत नाही.

कादंबरीतल्या उणिवेकडे आता येता येईल. 'इंधन'मधल्या बायकांना जे बोलता आले नाही, ते दलवाईंच्याच घरातून नंतर आले. मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन लोक सुधारकाच्या पत्नीच्या आठवणी म्हणून वाचतात. ते तसे वाचणे म्हणजे पुन्हा निवेदकाच्याच नजरेने पाहणे. मला ते 'इंधन'च्या शेजारी ठेवून वाचावेसे वाटते. तिथे चळवळ म्हणजे सिद्धांत राहत नाही. घरी आलेल्या तलाकपीडित बाईला आज रात्री कुठे झोपवायचे, तिच्या पोराच्या दुधाचे काय, नातेवाइकांना तोंड कसे द्यायचे, ही ती चळवळ. १९७७ नंतर त्यांनी हे काम चाळीस वर्षे धरून ठेवले. २०१७ च्या जूनमध्ये त्या गेल्या. निकाल आला ऑगस्टमध्ये.

राहता राहिले ते लिहिण्याचे काम. दुबईला नवरा, अंगावर बुरखा, हातात सायन्सची पदवी आणि जमातीच्या बैठकीत आपली केस मांडायला निघालेली चिपळूण-दापोलीकडची बाई मराठी कादंबरीत अजून माझ्या वाचनात आलेली नाही. तिने ती उर्दूत लिहिली तर आपल्याला भाषांतर करून घ्यावे लागेल, इंग्रजीत लिहिली तर तेही. 'इंधन'चे इंग्रजी भाषांतर दिलीप चित्र्यांनी केले, म्हणून ती कादंबरी निदान जिल्ह्याबाहेर पोचली. उर्दू शाळेत शिकलेल्या कोकणी वाचकाच्या हातात मात्र ती त्याच्या लिपीत पडलेली मी पाहिलेली नाही. कोणी हाती घेतले तर हे काम वर्ष-दीड वर्षाचे आहे.